आकडा तपासायला मालवणला

शिक्षकांसाठीच्या त्या संकेतस्थळाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दिसायचा. मी पान बंद करून पुन्हा उघडलं की तो एकाने वाढायचा. पुन्हा उघडलं, पुन्हा वाढला. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या मी एकटाच दहा-बारा शिक्षक झालो होतो. हे मी बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला पानावरचं काही दिसत नाही, तळाचं तेवढं बरोबर दिसतं."

वसुधा, माझी बायको, आमच्या गावच्या हायस्कुलात ग्रंथपाल आहे. गाव घाटावरचं, कोल्हापूरच्या बाजूचं. मी साखर कारखान्यात हिशेब तपासतो आणि शाळेच्या संचालक मंडळावर आहे. २००७ साली वसुधाला हे संकेतस्थळ सापडलं. शिक्षक आणि ग्रंथपालांसाठी वाचनाचं साहित्य तिथे ठेवलेलं होतं, सगळं मोफत. पायरीपायरीने अवघड होत जाणारी वाचनकार्डं होती, मुलांना वाचून दाखवायच्या गोष्टी होत्या. एका कागदाच्या घड्या घालून आठ पानांचं पुस्तक कसं करायचं याची आकृती होती. सोपी आणि अवघड पुस्तकं मुलांना स्वतः ओळखता यावीत म्हणून पुस्तकांच्या पाठीवर रंगीत टिकल्या कशा लावायच्या, तेही होतं. वसुधा रोज कारखान्याच्या ऑफिसात येऊन, माझ्या संगणकावर हे वाचत बसायची.

अडचण अशी होती, की मुख्याध्यापकांना आठवड्याचा वाचनतास बंद करून तो दहावीच्या जादा वर्गाला द्यायचा होता. वसुधा म्हणत होती, तास ठेवा, ग्रंथालयाला एक संगणक द्या, मी या साहित्यावर पाचवीपासून सुरुवात करते. पुरावा म्हणून तिने संकेतस्थळाचं पहिलंच पान सभेत दाखवलं. तिथे सिंधुदुर्गातल्या, मिठबावच्या अलीकडच्या एका वाडीतल्या शाळेची हकीकत होती: ही कार्डं वापरून दुसरी-तिसरीची सगळी मुलं एका सत्रात अस्खलित वाचू लागली. 'सगळी' हा शब्द ठळक छापला होता आणि खाली मिनिटाला किती शब्द वाचतात, तो आकडा.

सगळी म्हटलं की मला शंका येते. कुठल्याही गावात सगळी माणसं एकाच वेळी काहीही करत नाहीत.

शेवटी ठरलं, की कुणीतरी जाऊन बघावं. खरं असेल तर तास राहील आणि संगणकही मिळेल. खोटं असेल तर तास बंद. माझं नाव निघालं. बायकोच्या कामाची तपासणी नवऱ्याने करणं योग्य नाही, असं मी सभेत स्पष्ट सांगितलं. सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही त्यांना सवलत द्याल, असं इथं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही." वसुधाने रजा टाकली आणि बरोबर निघाली. म्हणाली, "तुम्हाला एकट्याला पाठवलं तर येताना फक्त नकार घेऊन याल."

मालवण, गुरुवार

फोंडा घाट उतरलो आणि दुपारी मालवणात पोचलो. ज्या घरात उतरलो त्या घराच्या मालकीण लक्ष्मीकाकी. पाहुण्यांना दोन खोल्या देतात आणि स्वतः रांधून वाढतात. बॅगा ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "आज गुरवार. मासे खातास मा?"

खातो म्हणालो, आणि विचारलं, ताजे आहेत ना?

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "ऐकलंस गो? मालवणात येवन इचारतत, ताजे आसत काय!"

जेवायला तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी ताटात कडक बसते, ही मऊ असते आणि रश्शात टाकली की हरवते. तिखल्यात तिरफळ होतं. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली, तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. सोलकढीचा रंग इतका गुलाबी होता की त्यात वरून काही घातलंय का, असं विचारणार होतो. वसुधाने टेबलाखालून पाय मारला.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. तिथे रापण ओढणं चाललं होतं. होडीतून लांबवर जाळं टाकून येतात आणि त्याची दोन टोकं दोन्ही बाजूंनी माणसं वाळूवर उभी राहून ओढतात. बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं, सगळे दोरीला. फार वेळ चाललं होतं, म्हणून मीही एका टोकाला जाऊन हात लावला. दोन वेळा पाय घसरून वाळूत बसलो. जाळं आलं, मासळीचे ढीग घातले गेले, आणि एका दाढीवाल्या माणसाने चार-पाच बांगडे माझ्यापुढे धरले.

"ह्यो तुमचो वाटो."

"मी मागितला नव्हता. किती द्यायचे?"

"दोरयेक हात लावलास मा?"

"हो, पण मी पाहुणा आहे."

"मासळेक तां खंय ठावक?"

आजूबाजूचे हसले. मी बांगडे रुमालात गुंडाळून निघालो. घरी पोचेपर्यंत मनात हेच, की हा माणूस उद्या कशासाठी तरी गाठणार. वसुधा म्हणाली, "आपल्याकडे गुऱ्हाळावर कुणीही गेलं तरी रसाचा तांब्या पुढे येतो. तेव्हा नाही तुम्ही विचारत, का देता म्हणून."

मी म्हणालो, गुऱ्हाळवाले ओळखीचे असतात. दुसऱ्या दिवशी तो दाढीवाला रस्त्यात भेटला. त्याने मला ओळखलंसुद्धा नाही.

वाडीतली शाळा, शुक्रवार

सकाळच्या एसटीने निघालो. वाटेत आंब्याची कलमं, चिऱ्याचे गडगे, म्हणजे तांबड्या दगडाची कुंपणं, आणि मधूनच खाली चमकणारं पाणी. उतरायचा थांबा कंडक्टर सांगेल म्हणाला आणि विसरला. पुढच्या थांब्यावरून उन्हात मागे चालत आलो.

शाळा दोन खोल्यांची, चिऱ्याची, कौलारू. दुसरी आणि तिसरी एका खोलीत, शिक्षिका एकच. त्या धुरीबाई. तिशी ओलांडलेल्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. त्यांना आम्ही पत्राने कळवलं होतं, त्यामुळे खोली झाडून सडा-रांगोळी केलेली. तयारी करून दाखवलेल्या गोष्टीवर माझा विश्वास कमीच बसतो.

खोलीत भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मासेमारीची नायलॉनची दोरी बांधली होती आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी वाचनकार्डं लावली होती. शाळेत संगणक नाही. बाई शनिवारी दुपारी मालवणला जातात, सायबर कॅफेत बसून कार्डं उतरवून घेतात आणि तिथेच छापतात.

"पहिल्यांदा छापलं तेव्हा अक्षरांच्या जागी सगळे चौकोन आले," त्या सांगू लागल्या. "फॉन्टच नव्हता तिथे. मी तसंच आणून दाखवलं पोरांना. एकजण म्हणतो, बाई, ह्यां खंयच्या भाषेत आसा?"

वसुधा खूप हसली. दोघींचं लगेच जमलं. टिकल्या, घडीचं पुस्तक, कुठली गोष्ट मुलांना आवडते, सुरूच झालं त्यांचं. मी म्हणालो, आपण वाचन बघूया का?

बाईंनी दर्शना नावाच्या दुसरीतल्या मुलीला पुढे बोलावलं. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, समोरचे दोन दात पडलेले. तिने दोरीवरून एक कार्ड काढलं. राजाचा मुकुट हरवतो, त्याची गोष्ट. वर चित्र, खाली सात-आठ ओळी. बाई फळ्याजवळ हातात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या, एक डोळा तिसरीच्या गणितांवर. दर्शनाने कार्ड छातीशी धरलं आणि सुरू केलं.

काय वाचत होती! आवाज खणखणीत, कुठे थांबायचं, कुठे चढायचं, सगळं बरोबर. आमच्या सातवीतही असं वाचणारं पोर दाखवायला मला वेळ लागला असता. वसुधाने माझ्याकडे असं पाहिलं, की आता बोला.

मी उठलो आणि मुलीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

कार्डावर लिहिलं होतं: राजा म्हणाला, माझा मुकुट कुठे आहे?

दर्शना म्हणत होती: "हे प्रधानजी! आमच्या मस्तकावरचा मुकुट कोणत्या दुष्टाने पळवला, ते सत्वर सांगा, नाहीतर तुमचं मस्तक धडावर राहणार नाही!"

मला वाटलं मी ओळ चुकलो. पुन्हा पाहिलं. कार्डावर प्रधान पुढच्या ओळीत येतो आणि 'शोधतो महाराज' एवढंच म्हणतो. दर्शनाचा प्रधान तोवर गुडघे टेकून क्षमा मागत होता.

"बाळ, मुकुट कुठे लिहिलंय? बोट ठेव बघू."

तिने न डगमगता 'शोधतो' वर बोट ठेवलं.

मी दुसऱ्या मुलाला बोलावलं. त्याच कार्डावर त्याचा राजा निराळं बोलला, तेवढ्याच जोरात. तिसऱ्याच्या गोष्टीत एक राक्षस आला. कार्डावर राक्षस नव्हता, चित्रातही नव्हता. तिसरीतली दोन मुलं मात्र खरी वाचत होती, अडखळत आणि हळू आवाजात. त्यांना बाई रोज शेवटी उभं करायच्या.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती, म्हणजे काय घडतं ते पाठ होतं. शब्द प्रत्येकाचे स्वतःचे. बाई समोर उभ्या राहून घड्याळ बघत होत्या आणि कार्डावरचे शब्द भागिले लागलेला वेळ असा हिशेब करत होत्या. भागाकार अचूक होता. वाचन मात्र त्या दोघांखेरीज कोणी केलंच नव्हतं.

खिचडीची सुट्टी झाली. बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "संकेतस्थळावर लिहिलंय, मुलाच्या शेजारी बसून ऐका. पण दोन वर्ग आहेत हो एका खोलीत. शेजारी बसले तर तिसरीवाले खिडकीतून उड्या मारतात."

"आकडा तुम्हीच पाठवलात?"

"मीच पाठवला. मला खरंच वाटलं वाचतात." मग थोड्या वेळाने, "पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांपुढे मला हेच सांगायचंय. तुम्ही लिहिणार का हे?"

"लिहिणार."

परतीच्या एसटीत वसुधा खिडकीकडे तोंड करून बसली. मालवणचा नाका आला तेव्हा एवढंच म्हणाली, "ती बाई तुमच्या कारखान्यातली कारकून आहे का?" तास वाचवायला ती आली होती, आणि तो बुडवायला लागणारा पुरावा माझ्या खिशात होता.

पुन्हा वाडीत, शनिवार

सकाळची शाळा. वसुधा म्हणाली, मी परत शाळेत जाते आहे, तुम्ही आलात तरी चालेल. गेलो. आमच्या आधी एक म्हातारा वर्गात येऊन उभा होता. उंच, डोळे मोठे, कपाळाला गंध, केस मानेवर रुळणारे. दर्शना त्याचा हात धरून.

"माझ्या नातीक वाचूक येना नाय म्हणणारो तो कोण?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. हे दर्शनाचे आजोबा, बाबी. आयुष्यभर दशावतारात राजाची कामं केलेले. आवाजावरूनच कळत होतं मुलीला हे कुठून मिळालं. मी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांना त्यात चूक काही दिसेना.

"मगे बरोबर बोलली ती. राजा रागावलो तर काय तो इचारीत बसतलो, माझो मुकुट खंय आसा म्हणान? तो राजा की गिऱ्हाईक?"

"पण लिहिलंय तसं वाचायला नको का?"

"लिवलेला कशाक होया? आमच्या नाटकाक पोथी नसता. मालक पडद्यामागे कथा सांगता, कोण राजा, कोण राक्षस, कोण मरता. बाकी ज्येचां त्येणां बोलूचां. रोज तांच तांच बोललंय तर लोक उठान जातले."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगोबाई! मीच मालक झाले की. कार्ड देण्याआधी गोष्ट वाचून दाखवा, असं संकेतस्थळावर आहे. मी रोज गोष्ट सांगायचे आणि मग म्हणायचे, आता तुम्ही." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

तोवर वसुधाने दर्शनाला जवळ घेतलं होतं. "तू सांग राजाची गोष्ट, मी लिहिते," म्हणाली, आणि मुलगी जसं बोलेल तसं मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवलं. मग संकेतस्थळावरच्या आकृतीप्रमाणे घड्या घातल्या, मध्ये एक काप दिला, आणि आठ पानांचं पुस्तक दर्शनाच्या हातात ठेवलं. त्यावर मुलीचं नाव घातलं होतं.

मी म्हणालो, "हे तर तिला पाठच असणार. यातून काय कळतं?"

"थांबा की."

वसुधाने त्याच ओळी दुसऱ्या कागदावर लिहून कापल्या आणि उलटसुलट करून पुढे मांडल्या. मग बाईंना म्हणाली, तुम्ही हिच्या शेजारी बसा. तिसरीवाल्यांकडे हे बघतील. 'हे' म्हणजे मी. मी फळ्यावर बेरजा घातल्या आणि पाठ न फिरवता उभा राहिलो.

दर्शनाने पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. काहीच बोलली नाही. मग "म". मग बराच वेळ. "मस्... मस्त... मस्तक." पुन्हा बोट सरकवलं. "धडावर." हे मात्र पटकन. मग "रा... ह..." आवाज इतका बारीक, की कालची हीच का असं वाटावं.

आजोबांना सहन होईना. "अगो, असां काय अडखळतंस? आवाज लाव गो!"

"बाबीकाका," बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही जरा गप बसा. ती वाचतेय."

दुपारी धुरीबाई आमच्याबरोबर मालवणला आल्या. सायबर कॅफेत भारनियमन, चार वाजेपर्यंत वीज नाही. समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. मला खात्री होती की त्या काहीतरी कारण सांगून उठतील. वीज आली, त्या संगणकासमोर बसल्या. मी मागे उभा राहिलो. त्यांनी न वळता म्हटलं, "उभे राहा साहेब, मागेच उभे राहा. नीट वाचा."

शिक्षकांनी आपले अनुभव लिहायचं एक पान त्या संकेतस्थळावर होतं. त्यावर त्यांनी लिहिलं, की मी कळवलेला आकडा चुकीचा आहे, पहिल्या पानावरून काढावा. माझी बहुतेक मुलं वाचत नव्हती, सांगत होती. मी त्यांच्या समोर उभी होते, शेजारी नव्हते. एका खोलीत दोन वर्ग असताना प्रत्येकाच्या शेजारी कसं बसावं, हे कुणाला जमलं असेल तर कळवावं. खाली नाव, शाळा, गाव. एकही शब्द मऊ केला नाही. माझं किंवा वसुधाचं नाव घातलं नाही.

कळ दाबल्यावर त्या म्हणाल्या, "आता केंद्रात काय सांगू?"

वसुधा म्हणाली, "हेच."

परत आल्यावर

रविवारी परतलो. लक्ष्मीकाकींनी निघताना सुक्या बांगड्यांचं पुडकं बांधून दिलं आणि मला म्हणाल्या, "हे ताजे नाय हां, आधीच सांगतंय."

त्या संकेतस्थळावर मी रोज नजर ठेवली. पहिल्या पानावर 'सगळी' तसंच ठळक होतं. बाईंचं पत्र कुठेच नव्हतं. मी वसुधाला म्हटलं, बघ, दाबलं. आणखी काही दिवसांनी मी स्वतः संकेतस्थळ चालवणाऱ्यांना पत्र लिहायला बसणार, तर हकीकत गेलेली आणि तिच्या जागी बाईंचं पत्र, जसंच्या तसं. त्याखाली इतर शिक्षकांची उत्तरं येत गेली. कुणी डोंगरातल्या शाळेतून लिहिलं होतं, आमचीही मुलं चित्र बघून बोलतात. कुणी लिहिलं, मी चित्र झाकून वाचायला देते. एका ग्रंथपालाने सुचवलं होतं, की वरच्या वर्गातल्या मुलांना एकेका लहान मुलाच्या शेजारी बसवा, बोटाकडे लक्ष ठेवायला तेवढं पुरतं. हे मात्र मी छापून घेतलं. तिथे लिहून कुणाचाही फायदा होत नव्हता, उलट प्रत्येकजण आपली फजिती सांगत होता. असलं लिखाण मी खरं धरतो. भेट देणाऱ्यांचा आकडा अजून तसाच फुगत होता, त्याबद्दल संकेतस्थळवाल्यांना वेगळं कळवलं. उत्तर आलं नाही.

सभेत मी अहवाल वाचला. मुख्याध्यापकांनी विचारलं, "म्हणजे खोटं ना? मग तास बंद."

मी म्हणालो, आकडा खोटा आहे. संगणकाची शिफारस मी आज करत नाही. पण तास बंद करू नये.

"हे कसं जुळतं?"

"त्या बाई रोज वाचून घेत होत्या, तरी त्यांना कळलं नाही. आपण तर विचारतही नाही. आपल्या पाचवीतलं कुठलं पोर वाचतं आणि कुठलं नुसतं बोलतं, हे इथं कुणाला माहीत आहे?"

अध्यक्ष म्हणाले, वार्षिक परीक्षेपर्यंत तास राहू द्या, पाचवी तपासा, मग बोलू.

पुढच्या वाचनतासाला मी ग्रंथालयाच्या दाराशी बसलो. वसुधाने पाचवीचं पुस्तक उघडून पहिलं नाव पुकारलं. अध्यक्षांची नात. मुलगी उठली, पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि वाचू लागली. आवाज मोठा, कुठे अडखळणं नाही, सगळा वर्ग ऐकत राहिला.

वसुधाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने आपली खुर्ची उचलली, मुलीच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसली.

"छान. आता बोट ठेवून वाच, बाळा."

मुलगी थांबली.